मोरी खाकरते

८ जानेवारी, सोमवार

ही वही हॉस्पिटलातल्या नर्सने दिली. म्हणाली, "एनिड, दिवसातून किती वेळा चक्कर येते ते यात लिहीत जा." आज एकदाही आली नाही. झालं लिहून. पण कोरा कागद मला बघवत नाही, आणि वाद न घालणारं या घरात दुसरं काही नाही, म्हणून लिहिते. शुद्धलेखन तपासणाऱ्याने आधी स्वतःचं तपासावं. माझी शाळा तेराव्या वर्षी सुटल्यात जमा होती. आईबरोबर मागच्या अंगणात बसून मासेमारीच्या बोटींची जाळी विणायचे.

नोव्हेंबरात टबातून बाहेर पाऊल टाकताना पडले. डावं मनगट मोडलं. तेवढ्यावरून माझ्या मुलाने, ट्रेव्हरने, टबच उपटून नेला आणि त्या जागी जमिनीलगतचा पांढरा शॉवर ट्रे बसवला. बसवला म्हणजे बसवून घेतला, त्याच्या पबातल्या एका दोस्ताकडून. दोस्त एरवी कुंपणं रंगवतो.

२९ तारखेला कौन्सिलची बाई येणार. मला एकटीला इथे राहता येईल की नाही ते ती ठरवणार. नाही म्हणाली की ट्रेव्हर आणि सूनबाई लॉरेनच्या घरी, मागच्या खोलीत माझी रवानगी. खोली चांगली आहे. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते.

मी हे घर सोडणार नाही. का, विचाराल तर मंगळवारी कचऱ्याचे डबे बाहेर कोण ठेवणार?

ट्रेव्हरने नाताळला चादर आणली. फ्लॅनेलची, पिवळी. दर वर्षी तेच. कपाटात तीसेक साठल्या असतील, पाकिटंसुद्धा फोडलेली नाहीत. सत्तावन्न वर्षांचा घोडा झाला, आईला दुसरं काही द्यावं असं सुचत नाही.

११ जानेवारी, गुरुवार

मोरी खाकरते.

पहाटे साडेपाचला जिन्याच्या दांड्याला धरून उभी होते, तेवढ्यात न्हाणीघरातून आवाज आला. आधी खर्रर्र, मग घुळुक, मग कुणीतरी लांब श्वास ओढावा तसा. दिवा लावून बघितलं. नळ बंद. ट्रे कोरडा. मागोमाग वास आला. लोक म्हणतील गटाराचा. मला तो ओहोटीला नदीच्या तोंडाशी उघडा पडतो त्या चिखलाचा वाटला.

माझा नवरा क्लिफ असाच खाकरायचा. तीन आठवडे मासेमारीच्या बोटीवर, आइसलंडच्या पलीकडे बर्फात, तीन दिवस घरी. त्या तीन दिवसांत उठल्याउठल्या बेसिनपाशी उभा राहून हेच. खर्रर्र, घुळुक, लांब श्वास. शेजारीण म्हणायची, एनिड, तुला कोंबडा पाळायची गरज नाही.

चक्कर: नाही.

१२ जानेवारी

पुन्हा. साडेपाचलाच.

१५ जानेवारी, सोमवार

स्वयंपाकघराच्या छतावर ओला डाग पडलाय, बरोबर ट्रेच्या खाली. सकाळी बशीएवढा होता, दुपारी ताटाएवढा. ट्रेव्हर आला आणि टोपीही न काढता मान वर करून उभा राहिला.

"आई, छत गळतंय."

"तुझ्या दोस्ताची कृपा."

"आणि मागचं दार परत उघडं."

"कुलूप अडकतं."

"मी मागच्या वर्षी नवीन बसवलं."

"तेच अडकतं."

त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "हे घर ओलं आहे, आई. पहिल्यापासून ओलं आहे. चल ना. लॉरेनने खोलीला रंगसुद्धा दिला."

"मग लॉरेनला झोपव तिथे."

तो हसला नाही. लहानपणीही कमीच हसायचा. मोरीचं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर २९ तारखेची वाट न बघता गाडीत घालून नेलं असतं.

१८ जानेवारी, गुरुवार

डेस हार्करला बोलावलं. साठी ओलांडलेला नळवाला, याच रस्त्यावर वाढलेला. त्याची आई व्हेरा माझ्या शेजारी उभी राहून पंचवीस वर्षं मासे कापायची. व्हेराची सुरी चांगली, तोंड घाण.

डेस ट्रेशेजारी पोटावर झोपला आणि बॅटरी मारली.

"काकू, कुणी केलं हे?"

"कुंपणं रंगवणाऱ्याने."

"तरीच. सिलिकॉन बघा, केकवर मलई फासावी तसं. वेस्ट बदलायला लागेल."

"वेस्ट म्हणजे?"

"ट्रेच्या भोकात बसतं ते. वर जाळी, खाली पाण्याचा ट्रॅप. सगळं मिळून वेस्ट."

"वाया गेलेलं. मला वाटलं माझ्याबद्दल ट्रेव्हरशी बोलून आलास."

त्याने जाळी उचकटली, आतला प्लॅस्टिकचा कप वर काढला आणि बोट आत घातलं. नखापुरतं ओलं झालं. "हे बघा. ट्रॅपमध्ये चोवीस तास पाणी उभं पाहिजे. तेच दार. पाणी उभं आहे तोवर खालचं काही वर येत नाही."

"आणि पाणी गेलं तर?"

"तर दार उघडं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो पाइपाबद्दलच बोलत होता.

१९ जानेवारी, शुक्रवार

डेसच्या व्हॅनमधून नळसामानाच्या दुकानात गेले. तो म्हणाला, मी आणतो. मी म्हटलं, गेल्या वेळी पुरुषांनी निवडलं त्याचं पाणी माझ्या चहात पडतंय.

काउंटरवरच्या माणसाने आरशासारखं चकचकीत काहीतरी पुढे केलं. "हे सध्या फार चालतं, आजी. एकदम पातळ. दिसतसुद्धा नाही."

"मग पैसे कशाचे घेतोस?"

मी अंगठा आत घालून बघितला. पहिल्या पेरावरच तळ लागला. दुसरं उचललं. त्याची जाळी वाकत होती. जाळीतलं मला कुणी शिकवू नये, मी दोन बोटांत धरून सांगते कुठली फाटणार. तिसरं ओबडधोबड, जड, कुणी फुकट दिलं तरी नको म्हणेल असं. अंगठा पूर्ण आत गेला.

डेस म्हणाला, "हेच. पन्नास मिलिमीटर पाणी धरतं. आणि कप वरूनच निघतो. केस अडकले की जाळी उचलायची, कप फिरवायचा, ओढायचा. पान्हा नको, मी नको."

"तू नकोस हे फार चांगलं."

पण ते नमुन्याचं होतं, विकायचं नव्हतं. नवीन गुरुवारी संध्याकाळी येणार.

२२ जानेवारी, सोमवार

डेसने डागाच्या जागी छत कापून खालून बघितलं. रबराची चकती वाकडी बसली होती, नट इतका आवळला होता की कडेला केसासारखी चीर. ट्रे नाही चिरला, नशीब.

मग मी आवाजाचं सांगितलं. उगाच, सहज सांगितल्यासारखं. वेळही सांगितली.

तो म्हणाला, "शेजारी कोण?"

"बोझेना. पोलंडची. बेकरीत रात्रपाळी करते."

"घरी किती वाजता येते?"

"मी काय तिची सासू आहे?"

तो जाऊन तिलाच विचारून आला. पाचला येते, टब भरून अंग शेकते, साडेपाचला बूच काढते. दोन्ही घरांचा पाइप मागच्या भिंतीत एक होतो. तिचा अख्खा टब खाली पळतो तेव्हा आमच्या ट्रॅपमधलं नखभर पाणी ओढून नेतो, आणि पाठोपाठ हवा ओढली जाते. तोच आवाज, तोच वास. आधी टबाखाली जुना खोल ट्रॅप होता म्हणून कळलं नाही.

"म्हणजे भूत वगैरे काही नाही, काकू."

"मी भूत म्हटलं का?"

डेसचं बरोबरच असेल. फक्त बोझेनाचा टब क्लिफसारखा खाकरायला कुठे शिकला ते त्याने सांगितलं नाही.

शुक्रवारी वेस्ट बसवणार. सिलिकॉन वाळायला चोवीस तास, तोवर पाणी नाही. शनिवारी दुपारी ट्रे भरून चाचणी. सोमवारी नऊला कौन्सिलची बाई. "अगदी वेळेत होतंय," म्हणाला.

तो गेल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. शनिवारी २७ तारीख.

२५ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस लिहिलं नाही. आज लिहून टाकते, नाहीतर वही माझ्याकडे बघत राहील.

आमच्या रस्त्यावरची कुठलीही बाई, नवरा समुद्रावर निघाला त्या दिवशी कपडे धूत नाही. धुतलेस तर समुद्र त्याला धुवून नेतो. हात हलवून निरोप देत नाही, लाट येते. यात विचारायचं काही नसतं. माझ्या आईने केलं नाही, व्हेराने केलं नाही.

२७ जानेवारी १९७१. बुधवार. सकाळी टॅक्सी आली, क्लिफ गेला. मी दारात उभीसुद्धा राहिले नाही, नियमाप्रमाणे. दोन तासांनी ट्रेव्हर अंथरुणात ओकला. चार वर्षांचा. अंगात ताप, चादर भरलेली, खोलीत उभं राहवेना. दुसऱ्या चादरी ओल्या होत्या. वरच्या मजल्यावर तेव्हा नुकताच टब बसवला होता. मी ती चादर टबात टाकली आणि पायांनी तुडवून धुतली. माझ्या आईने दिलेली, पिवळी, फ्लॅनेलची. बूच काढलं आणि पाणी गेलं.

१८ फेब्रुवारीला पाद्री दारात आला. लाटेने डेकवरून नेला म्हणाला, एकट्यालाच. सापडला नाही.

चादर मी अंगणात जाळली. कुणाला सांगितलं नाही. ट्रेव्हरला तर नाहीच. तो तेव्हा तापात झोपला होता, त्याला काही माहीत नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत कळणारही नाही. पोराच्या डोक्यावर असलं ठेवायचं नसतं. तेव्हापासून २७ जानेवारीला या घरातून पाण्याचा थेंब खाली सोडलेला नाही. भांडीसुद्धा दुसऱ्या दिवशी. ट्रेव्हर शाळेत असताना चिडायचा, त्याच्या कानामागे मळ दिसायचा म्हणून.

मला माहीत आहे लाट कशाने येते. वाऱ्याने येते. तेवढी शिकलेली आहे मी.

२६ जानेवारी, शुक्रवार

डेसने बसवलं. मी संडासाच्या झाकणावर बसून लक्ष ठेवलं. आधी ट्रेचं भोक स्पिरिटने पुसलं, जुन्या मलईचा कणही ठेवला नाही. सगळं कोरडंच जुळवून बघितलं, मग सुटं केलं, मग खरं बसवलं. एक चकती वर, एक खाली. नट हाताने फिरवला, थांबला, आणि वर फक्त पाव फेरा.

"एवढंच? आणखी आवळ की."

"जास्त आवळलं की चिरतं, काकू. धरून ठेवायला फार जोर लागत नाही."

व्हेराचा मुलगा आहे, पण डोकं बापावर गेलंय.

२७ जानेवारी, शनिवार

मी पाव आणायला गेले होते. परत येईपर्यंत डेसने भोकावर बूच दाबून ट्रे काठोकाठ भरला होता. अर्धा तास झाला होता. खालचं छत कोरडं.

"आता सोडायचं," म्हणाला. "धो धो पाणी जाताना सांधा टिकतो का बघितलं की माझी सुट्टी."

"उद्या सोड."

"उद्या रविवार."

"मग सोमवारी."

"सोमवारी नऊला ती बाई येणार. तिच्यासमोर गळलं म्हणजे?"

"मी बादलीने उपसते. अंगणात ओतते."

"अंगणातली मोरी त्याच पाइपात जाते, काकू. या गावातलं सगळं पाणी नदीलाच जातं."

मी बादली घेतली. उजव्या हाताने. डेसने ती माझ्या हातातून काढली नाही. मग म्हणाला, "आज कितवी तारीख?"

"कॅलेंडर खाली आहे."

"माझी आई बाबा बोटीवर निघायच्या दिवशी चहाचा कपसुद्धा विसळायची नाही," तो म्हणाला. "पण काकू, आता गोदीतून कुणी निघत नाही. चाळीस वर्षं झाली. आज कोण निघालंय?"

"तू आपलं काम बघ."

"मी पाण्याकडेच बघतोय. तुम्ही सोडू देत नाही."

हे चालू असताना ट्रेव्हर मागच्या दाराने आत आला होता. जिन्यावर कधी चढला कळलंच नाही. ट्रे बघितला, बादली बघितली, मग मला. त्याचा चेहरा असा झाला की मी म्हटलं, आता ओकतो.

"आई, खाली जा."

"मला खाली पाठवणारा तू कोण?"

"मग थांब." तो गुडघ्यावर बसला. चांगली पँट होती, लॉरेन ओरडणार. बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. "माझ्यावर घाल. पहिल्यापासून माझ्यावरच आहे."

आणि बूच ओढलं.

पहिल्यापासून म्हणजे काय ते बोलला नाही. अर्धंच बोलायची खोड आहे त्याला. पाणी एकदा गोल फिरलं आणि गेलं. घुळुक नाही, काही नाही. मी भिंतीला धरून होते. डेस एव्हाना सांधा बघायला खाली पळाला होता, तिथून ओरडला, "कोरडं ठणठणीत!" ट्रेव्हरचा हात बराच वेळ ट्रेमध्येच होता. मी म्हटलं, "ऊठ, गुडघे भिजले."

चक्कर: ही धरायची की नाही माहीत नाही.

२८ जानेवारी, रविवार

पाचपासून न्हाणीघरात बसून होते, वर कोट घालून. साडेपाचला भिंतीपलीकडे बोझेनाचं पाणी गेलं. ऐकू आलं. इकडे काही नाही. वासही नाही. साबणाचा येतो तेवढाच.

त्रेपन्न वर्षांत हे घर इतकं गप्प झालं नव्हतं.

रात्रीच्या जेवणानंतर मी वर गेले आणि डेसने शिकवलं तसं केलं. जाळी उचलली. कप फिरवला. ओढला. एका हाताने निघतो, चांगलं निवडलंय मी. कप टॉवेलवर ठेवला आणि झोपले.

२९ जानेवारी, सोमवार

साडेपाच. आलं. खर्रर्र. घुळुक. लांब श्वास. आणि वास.

मी ट्रेच्या काठाशी खाली बसले. बसताना दहा मिनिटं लागली, उठताना किती लागतील याचा विचार केला नाही. भोकात काळोख होता. "इथेच आहे मी," एवढंच म्हटलं. दुसरं काय म्हणणार, आणि ते तरी कुणाला.

तेवढ्यात भिंतीपलीकडे बोझेना गाणं म्हणायला लागली. तिच्या भाषेत, बेसूर. टब घासत होती. ब्रशचा आवाज इकडे येत होता, त्याच भोकातून, जसाच्या तसा. घास घास आणि गाणं. मी पूर्ण गाणं ऐकलं. मग कप जागेवर बसवला, तळहाताने दाबला, वरून मगभर पाणी ओतलं आणि खिडकी उघडली.

नऊला कौन्सिलची बाई. ट्रेमध्ये उभं राहून दाखवलं, भिंतीतला दांडा धरून दाखवला, पाणी सोडून दाखवलं. तिने नाक वर केलं. "कसला वास आहे का हो?"

"समुद्रकाठचं गाव आहे, बाई."

तिने लिहिलं. "मागचं दार मात्र लावत जा," म्हणाली. मग सही केली. मी राहते.

ट्रेव्हरला फोन केला. त्याने सहीचं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "बरं झालं, आई." आवाजावरून बरं झालेलं वाटलं नाही, पण वाईटही नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

कपाट आवरायला काढलं. चादरींची पाकिटं पलंगावर मांडली. एकतीस. सगळ्या फ्लॅनेलच्या. सगळ्या पिवळ्या. एकही निळी नाही, फुलांची नाही.

म्हणजे त्या दिवशी तापातला पोरगा झोपला नव्हता. चहा केला होता तो तसाच राहिला.

१८ फेब्रुवारी, रविवार

ट्रेव्हर रविवारी अकराला येतो. मी दहाला एक पाकीट फोडलं. चादर नवीन, धुवायची गरज नव्हती. खाली कपडे धुण्याचं यंत्रही आहे. तरी वर नेली, ट्रेमध्ये टाकली, पाणी सोडलं, आणि दांडा धरून पायांनी तुडवायला लागले. पिवळा रंग जरा सुटला. पाणी जात राहिलं, गुपचूप, जितकं सोडलं तितकं.

मागचं दार वाजलं. तो जिना चढून वर आला आणि दारात थांबला. चादरीकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. पाद्री दारात आला होता तीच आज तारीख, हे त्यालाही माहीत असणार.

"आई, काय करतेस?"

"दिसत नाही? चादर धुते."

त्याचे ओठ हलले. मी म्हटलं, "बोलू नकोस. मला हाताने पिळता येत नाही, मनगट अजून दुखतं. ते टोक धर."

त्याने बूट काढले, मोजे काढले आणि ट्रेमध्ये उतरला. दोघं मावलो, कसेबसे. त्याचे पाय त्याच्या बापासारखे आहेत, दुसरं बोट मोठं. तो तिकडून पिळायला लागला, मी इकडून. चादर दोरासारखी ताठ झाली आणि पाणी पायांवरून जाळीत गेलं. तो रडत होता. सत्तावन्न वर्षांचा.

"जास्त आवळू नकोस," मी म्हटलं. "फाटेल."

मग अंगणात दोरीवर टाकली. वारा चांगला होता.

चक्कर: एकदा. पिळताना. ट्रेव्हरला सांगितलं नाही.